डावं मागचं चाक

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई फारच तडतड करते. अठ्ठावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून रोज तीच तीन वाक्यं तमिळमध्ये ओरडली की माणसाचं असंच होतं. त्यातून चेन्नईचा ऑक्टोबर, आणि घरात एक ठार बहिरे वडील आणि एक गाडीवेडी मुलगी.

वडील म्हणजे उमाकांत, वय शहात्तर. रेल्वेत ट्रेन एक्झामिनर होते, बेसिन ब्रिजच्या यार्डात. गाडी सुटायच्या आधी हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालत जायचं, चाकं ठोकायची, बोल्ट ठोकायचे आणि सांगायचं, ही जाऊ दे, तो डबा काढ. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. मी सहा वर्षांची असताना आम्ही मिरजेहून इथे आलो, तेव्हापासून हे सगळं मी फक्त ऐकत आले. त्यांना काम करताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. यार्डात पोरीबाळींना कोण सोडतंय?

आता त्यांचे कान गेले. यंत्र आणून दिलं, तर म्हणाले पत्र्याच्या पिंपात डोकं घातल्यासारखं वाटतं, आणि ते कपाटात गेलं. माझी मुलगी निधी, ती ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीयर आहे, तिनं त्यांना एक पाटी आणून दिली. तीच ती, लिहायचं आणि बटण दाबलं की पुसलं जातं. निधी लिहिते. मला तेवढा धीर नाही. मी ओरडते, ते मान हलवतात, आणि दोघांनाही माहीत असतं की काहीही पोचलेलं नाही.

जूनमध्ये त्यांनी कुकर लावला आणि पेपर वाचत बसले. शिट्ट्या किती झाल्या ते शेजारच्या मामींनाच माहीत. त्यांनी दार बडवलं, ते ऐकू येणार कुणाला? शेवटी वॉचमननं बँकेत फोन केला. मी वेस्ट मांबलमला घरी पोचले तेव्हा घरभर धूर, कुकर काळा ठिक्कर, आणि बाबा खिडकीत उभे राहून टॉवेलनं वारा घालत होते. त्या रात्री पुण्याच्या मकरंदशी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाशी बोलले आणि ठरलं. तळेगावला एक वृद्धाश्रम आहे, स्वच्छ आहे, झाडंबिडं आहेत. दसऱ्यानंतरच्या बुधवारी बाबांना तिथे पोचवायचं.

बाबांना मी काय सांगितलं? कानात ओरडून सांगितलं, "मकरंदकडे जायचंय, थोडे दिवस!" खोटं बोलताना ओरडावं लागलं की फार घाण वाटतं, हे मला तेव्हा कळलं. आश्रमानं यादी पाठवली होती, काय काय आणायचं त्याची. चादरी दोन, टॉवेल दोन, सगळ्यावर नाव घातलेलं. मी एका रविवारी बसून काळ्या शाईच्या पेनानं चादरींच्या कोपऱ्यांवर त्यांचं नाव घातलं. ते समोरच बसले होते, शेंगा सोलत.

आता गाडीबद्दल. गाडी माझ्या नवऱ्याची, देवेशची. स्टेशन वॅगन. लांबुडकी, मागे खोलीएवढी जागा असलेली. अशी गाडी आता रस्त्यावर दिसली तर लोक मान वळवून बघतात. देवेश गेला त्याला सहा वर्षं झाली, पण गाडी विकायची गोष्ट मी काढत नाही आणि निधी काढू देत नाही. बाबांची लोखंडी ट्रंक, गादी, खुर्ची आणि आम्ही तिघं, एवढं सगळं फक्त तिच्यातच मावणार होतं.

"पण आई, एवढं ओझं घातलं की मागून बसणार ती," निधी म्हणाली. "प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासणार. चौदा इंची चाकं काढू, सोळा इंची घालू. टायर मोठे, गाडी वर उचलली जाईल."

"बाराशे किलोमीटरसाठी?"

"बाराशे तिकडे आणि बाराशे इकडे. परत यायचंच नाही का तुला?"

मी हात टेकले. चाकं आली, करड्या रंगाची, पाच पाकळ्यांची, दिसायला देखणी. बसवून बघितली तर रुंद असल्यामुळे आतल्या बाजूला घासायला लागली. मग स्पेसर आले. स्पेसर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची बोटभर जाड चकती. चाक आणि त्याच्या मागचा हब यांच्या मधे ती घालायची, म्हणजे चाक तेवढं बाहेर सरकतं. चार चाकांना चार चकत्या आणि लांब बोल्ट. आरशासारख्या गुळगुळीत होत्या. निधी त्या बोटांनी कुरवाळत बसली होती, लग्नाच्या वयाची पोरगी माझी!

त्या आल्या नवमीच्या आदल्या दिवशी. इथे नवमीला आयुधपूजा. ज्याच्यावर पोट चालतं त्या प्रत्येक वस्तूला चंदन-कुंकू लागतं. रिक्षा, शिलाई मशीन, बँकेतला संगणक, इडलीचं ग्राइंडर, काही सुटत नाही. पंचेचाळीस वर्षं इथे काढल्यावर मीही कुणा मामीला हार जाणार नाही. पाटावर चारी स्पेसर मांडले, निधीचा लॅपटॉप ठेवला, माझा कॅल्क्युलेटर ठेवला. बाबांनी कपाटातून त्यांची हातोडी आणून शेवटी ठेवली, दरवर्षी ठेवतात तशी. मग मी वाटीभर चंदन कालवलं, चांगलं घट्ट, आणि सुरुवात केली. पहिल्या चकतीला सढळ हातानं, दोन्ही बाजूंनी, वर कुंकवाचे ठसठशीत ठिपके. दुसरीला जरा कमी. चौथीपर्यंत वाटी खरवडावी लागली. चकत्यांच्या मागे निधीनं मार्करनं लिहून ठेवलं होतं कुठली कुठे बसणार ते. पहिल्या चकतीवर होतं, डावं मागचं.

दसऱ्याला सकाळी गुरुमूर्तीकडे गेलो. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचं चाकांचं दुकान, दाराला केळीचे खांब बांधलेले. त्यानं पहिली चकती हातात घेतली, वाळलेलं चंदन बघितलं, आणि खिशातला फडका काढला.

"मॅडम, हे पुसून घेतो," तो तमिळमध्ये म्हणाला.

"अय्यो, पुसायचं नाही!" मी अशी काही खेकसले की त्याच्या हातातला फडका खाली पडला. "काल पूजा झालीय. देवाचं लागलेलं आजच पुसून टाकणार?"

गुरुमूर्ती भाविक माणूस. त्यानं चकती कपाळाला लावली आणि होती तशी बसवली. निधी तेव्हा पलीकडे टायरमधली हवा बघत होती. चकत्यांवर चाकं चढली, नट आवळले गेले. मग दृष्ट लागू नये म्हणून चारी टायरखाली चार लिंबं ठेवून त्यावरून गाडी पुढे घेतली, एक भोपळा रस्त्यावर फोडला, कापूर ओवाळला. गुरुमूर्ती म्हणाला, पन्नास किलोमीटर झाले की एकदा या, नट परत आवळायचे असतात. गाडी दिसत होती मात्र झकास. रुंद पाय रोवून उभी राहिलेली. देवेशनं बघायला हवी होती, असं वाटून माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. निधी म्हणाली, बुधवारच्या आधी एक फेरी मारून बघू, इथल्याच समुद्रकाठच्या कोवलमपर्यंत. आम्ही दोघी निघालो तर बाबा दारात चपला घालून उभे. हातात कापडी पिशवी. हा माणूस गेले तीन महिने देवळापर्यंतसुद्धा आला नव्हता.

"मी पण येतो," ते म्हणाले. बहिऱ्यांचं असतं तसं, जरा जास्तच मोठ्यानं.

"समुद्र बघायचाय का?" मी ओरडले. त्यांनी नुसती मान हलवली आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढून ठेवली, तेही मी पाहिलं. वाटलं, पाय आखडला असेल.

ईस्ट कोस्ट रोडला लागलो. निधी खूश. "आई, वळणावर बघ कशी बसलीय रस्त्यावर!" मी बघत होते. पण लक्ष मागे होतं, कारण आरशात बाबा दिसत होते. एक तळहात मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर टेकवलेला, डोळे मिटलेले. झोपले म्हणावं तर ओठ हलत होते. टोलनाका मागे पडला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"डावं मागचं बोलतंय," ते म्हणाले.

मला हसूच आलं. आणि मग राग आला. कुकरच्या वीस शिट्ट्या ऐकू येत नाहीत आणि ह्यांना चाक ऐकू येतंय! "काही नाहीये बाबा!" मी मागे वळून ओरडले.

"थोडी थरथर आहे खरी," निधी म्हणाली. "बॅलन्सिंग राहिलं असेल. नव्या चाकांना होतं तसं. उद्या करून घेऊ."

"डावं मागचं," बाबा पुन्हा म्हणाले. "निधी, हळू घे."

निधीनं वेग कमी केला, त्यांचं मन राखायला. दहा मिनिटं गेली. कोवलमचा फाटा दिसायला लागला होता.

"थांबव."

हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मोठा नव्हता, उलट शांत होता. पण या आवाजाला गाड्या थांबायच्या, अठरा-अठरा डब्यांच्या, प्रवाशांनी भरलेल्या. निधीनं काही न विचारता गाडी कडेला घेतली.

समोर मासळीवाल्या बायकांची ओळ होती, टोपल्या घेऊन बसलेल्या. बाबा उतरले. पिशवीतून त्यांची हातोडी काढली. ती परवाची, मी कुंकू लावलेली. कुंकू पुसलेलं होतं, दांडा धुऊन कोरडा केलेला होता. माझ्या मनात आलं, बघा, ह्यांनी पूजेचं पुसलं, आणि मी जीभ चावली.

सरळ डाव्या मागच्या चाकाशी जातील असं मला वाटलं. नाही. ते गाडीला वळसा घालून उजव्या पुढच्या चाकाशी गेले, सगळ्यात लांबच्या. धोतर सावरून गुडघ्यावर बसले. डाव्या हाताचं पहिलं बोट नटाच्या एका अंगाला टेकवलं आणि दुसऱ्या अंगानं हातोडीचा हलका ठोका दिला. पुढचा नट. पुढचा. पाचही झाले. उठले, मागच्या चाकाकडे गेले.

"आजोबा, पण तुम्ही तर म्हणालात डावं मागचं," निधीनं पाटीवर लिहून त्यांच्यापुढे धरलं.

"आधी चांगलं कसं लागतं ते बोटाला सांगायचं," ते म्हणाले. "मग वाईट ते स्वतःच ओळखतं. ज्याचा संशय त्याच्यापाशी पहिल्यांदा जायचं नाही. संशय घेऊन गेलं की प्रत्येक नट सैल लागतो."

मी तिथेच उभी होते, उन्हात. तवा तापावा तसा रस्ता तापलेला आणि हा शहात्तर वर्षांचा म्हातारा त्या तापलेल्या रस्त्यावर गुडघे टेकून चाकाच्या नाडीला बोट लावून बसलेला. कानांचा काही संबंधच नव्हता. इतकी वर्षं माझा समज की ते कानानं ऐकतात. ते ऐकत होते ते बोटानं!

पुढच्या डाव्या चाकाशी ते थोडे थांबले. दुसऱ्या नटाला परत एकदा ठोका दिला. "हा विचार करतोय," म्हणाले. मग डाव्या मागच्या चाकाशी आले. बोट टेकवलं. ठोका. बोट उचललंच नाही त्यांनी. निधीचं बोट धरून तिथे ठेवलं आणि परत ठोका दिला.

निधीनं बोट उचलून परत टेकवून बघितलं. "आई," ती म्हणाली, "हा हलतोय."

बाबांनी हातोडी खाली ठेवली. दोन बोटांच्या चिमटीत नट धरला आणि फिरवला. पाना नाही, जोर नाही, बाटलीचं झाकण फिरवावं तसा. तो फिरला. दुसरा फिरला. तिसरा तर जवळजवळ टोकाला आला होता. पाचांतले चार. आम्ही ऐंशीच्या वेगानं आलो होतो, आणि बुधवारी ह्याच गाडीनं घाट उतरणार होतो.

"कसं शक्य आहे?" निधी रडायच्या बेतात होती. "काल गुरुमूर्तीनं माझ्यासमोर आवळलेत!"

तिनं जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढलं. मग स्पेसर ओढला. आणि त्याच्या मागून भुरुभुरु पिवळा-तांबडा भुगा खाली सांडला. कोवलमच्या त्या मासळीच्या वासात चंदनाचा वास आला.

निधीनं माझ्याकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "आई, हे दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट चिकटलेले लागतात. मधे रंगाचा थरसुद्धा चालत नाही. वाळलेल्या चंदनाचा भुगा झाला, तेवढी फट पडली, नट सैल झाले." पुढच्या उजव्याला का काही झालं नाही ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिथपर्यंत माझी वाटी संपली होती. मीच गुरुमूर्तीच्या हातातला फडका पाडला होता.

बाबांनी त्या भुग्यावर बोट टेकवलं आणि आधी कपाळाला लावलं. मग खिशातला रुमाल काढून चकतीच्या दोन्ही बाजू, हबची बाजू, सगळं लख्ख पुसून काढलं. नखानं कडा खरवडल्या. निधीकडून नट बसवून घेतले, एक इकडचा, एक समोरचा, असे फिरवून. मग म्हणाले, चला, आता बाकीची तीन. दीड तास गेला. मासळीवाल्या एका आजीनं त्यांना बसायला टोपलीचं झाकण दिलं आणि पाण्याची बाटली दिली. त्यांनी तमिळमध्ये "नंद्री अम्मा" म्हणून तिचे आभार मानले. मी नुसती वस्तू उचलून देत होते. ओरडायला काही उरलंच नव्हतं.

सगळं झाल्यावर त्यांनी परत एकदा वीसच्या वीस नटांना बोट लावलं. हातोडी पिशवीत ठेवली आणि निधीला म्हणाले, "पन्नास किलोमीटरला परत आवळायचे. मग दोनशेला. तळेगावला पोचलात की एकदा, आणि परत निघायच्या आधी तर नक्कीच. ते विसरायचं नाही."

मी दचकले. तळेगाव हा शब्द मी त्यांच्यापुढे कधी उच्चारलाच नव्हता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "मुलाच्या घरी जाणाऱ्या माणसाच्या चादरीवर कुणी नाव घालतं का, कौमू? आणि आश्रमाची यादी तू फ्रीजवरच लावली होतीस. मला ऐकू येत नाही, वाचता येतं."

"बाबा..."

"माझं काही नाही गं. मी राहीन. जाताना तर मागे मी बसलेला असणार, मला पायाला कळलं असतं. पण येताना तुम्ही दोघीच." त्यांनी चाकाकडे बोट केलं. "म्हणून आज म्हटलं, आपण आधीच बघून घ्यावं."

मी आयुष्यात पहिल्यांदा ती पाटी हातात घेतली. निधीकडून मागून घेतली. मी लिहिलं, 'कुठेही जायचं नाही. चुकले मी.' खाली आणखी लिहिलं, 'गॅसचं बघू काहीतरी. मकरंदला मी सांगते.' जागा संपली.

बाबांनी चष्मा लावून, पाटी लांब धरून वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण बराच वेळ लागला. मग बटण दाबून सगळं पुसलं आणि पाटी मला परत दिली. डोळे मात्र पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"मग पन्नासचे नट मीच आवळतो," ते म्हणाले. "गुरुमूर्तीला सांग, पाना देऊन ठेव म्हणावं."

परत येताना मी पुढे बसले नाही. त्यांच्या शेजारी, मागे बसले. त्यांनी चप्पल काढून तळवा खाली टेकवला. मीही माझी चप्पल काढली आणि पाय टेकवला. मला तर नुसती गाडी चालल्याचं कळत होतं, बाकी काही नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"चांगलं चाललंय," ते म्हणाले.